आधी पार्किंग सांगा, मग गाडी बघू

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की इलेक्ट्रिक, सीएनजी, हायब्रिड यात गोंधळ उडाला असेल तर लिहा. पत्रं आणि मेसेज इतके आले की एकेकाला उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. बहुतेकांनी गाडीचं मॉडेल लिहिलंय, बजेट लिहिलंय, काहींनी तर रंगही ठरवलाय, पण रात्री गाडी कुठे उभी राहणार ते फार थोड्यांनी लिहिलंय. आणि मुंबईत गाडी त्यावरून ठरते. त्यामुळे पुढच्या वेळी लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत पार्किंग सांगा.

प्रश्न : बोरिवलीला राहतो, ऑफिस बीकेसीला, जाऊन येऊन रोज साधारण ४५ किमी होतात. सोसायटी १९९४ची आहे, स्टिल्टमध्ये माझं स्वतःचं पार्किंग आहे. शोरूमवाला सांगतो ही इलेक्ट्रिक गाडी एका चार्जमध्ये ४८९ किमी जाते. हे खरं मानायचं का? आणि आमचे सेक्रेटरी म्हणतात की आग लागेल, सोसायटीत चार्जर नको. काय करावं?

४८९ हा आकडा खोटा नाही पण तो लॅबमधला आहे. गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाने चालवतात आणि त्यातून हा आकडा येतो, त्यात आपला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, मे महिन्यातला एसी, गाडीत पाच माणसं, यातलं काही नसतं. मी सगळ्यांना एकच सांगतो, कंपनीच्या आकड्याचे तीन भाग करा आणि दोन धरा. बॅटरी ४५ युनिटची आहे, शहरात एका युनिटला साधारण ७ किमी मिळतात, म्हणजे ३१५ च्या आसपास. तुम्हाला रोज लागतात ४५. म्हणजे आठवडाभर चार्ज नाही केली तरी चालेल, रेंजची चिंता तुम्ही करायचीच नाही.

आता पैशाचं बघा. ४५ किमीला साडेसहा युनिट, चार्ज करताना थोडी वीज वाया जाते ती धरून सात. तुमच्या बिलात वरच्या स्लॅबचा दर १२ रुपये पडतो असं धरलं तर दिवसाचे ८५ रुपये. पेट्रोलची गाडी ट्रॅफिकमध्ये लिटरला १२ देत असेल तर १०३ रुपयांच्या भावाने ३८५ च्या पुढे. सीएनजी किलोला १८ किमी आणि ८० रुपये किलो धरा, २०० रुपये. महिन्याचे २५ दिवस पकडले तर इलेक्ट्रिक आणि पेट्रोलमध्ये साडेसात हजारांचा फरक पडतो. दर बदलत राहतात, तुम्ही तुमच्या बिलातला दर घालून हाच हिशोब स्वतः मांडा, पाच मिनिटं लागतात. गाडीच्या किमतीत जो जास्तीचा पैसा जातोय तो किती वर्षांत फिटतो ते लगेच कळेल.

ट्रॅफिकबद्दल एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. पेट्रोल गाडी सिग्नलला उभी राहून तेल जाळते, इलेक्ट्रिक गाडी उभी असताना मोटर बंद असते, फक्त एसी आणि स्क्रीन चालू असते, तासभर अडकलात तरी युनिट दीड युनिट जातं. शिवाय ब्रेक लावताना मोटर उलटी जनरेटर होते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. म्हणून पेट्रोल गाडी हायवेला जास्त ॲव्हरेज देते आणि इलेक्ट्रिक शहरात, अगदी उलटं. बोरिवली-बीकेसी हे तिचंच काम आहे.

आता सोसायटी. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की घरी स्वतःच्या चालू वीज जोडणीवर गाडी चार्ज करता येते. पण नियम हातात घेऊन सेक्रेटरींशी भांडायला जाऊ नका, ते बिचारे घाबरतात ते अगदीच विनाकारण नाही. १९९४च्या बिल्डिंगची वायरिंग बघा एकदा मीटर रूममध्ये जाऊन. आधी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्या की तुमच्या मीटरवर मंजूर लोड किती, त्यात ३.३ किलोवॅट बसतात का, मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल किती मीटर, कुठून जाणार, अर्थिंग कसं आहे. तो कागद आणि रूटचा साधा नकाशा अर्जाला जोडा. खर्च माझा, मीटर माझा, केबल पाइपातून जाणार, असं लिहून द्या. शक्य असेल तर बिल्डिंगमधले अजून दोघं तिघं सोबत घ्या, मग केबल ट्रे एकच टाकता येतो आणि एजीएमला तुम्ही एकटे पडत नाही. ईव्हीसाठी वेगळा मीटर आणि वेगळा दर महाराष्ट्रात आहे, तुमच्याकडे वीज कोणाची आहे त्यांच्याकडे चौकशी करा, कुलाबा ते सायन-माहीम बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण.

आगीबद्दल म्हणाल तर घरी चार्ज करताना मला गाडीपेक्षा सॉकेटची भीती जास्त वाटते, आणि हे मी बघितलंय. डोंबिवलीला भावाकडे एकदा रात्री गाडी लावली, पॉइंट लांब होता म्हणून एक्स्टेन्शन बोर्डवर लावली. दोन तासांनी जिन्यात प्लास्टिक जळल्याचा वास. प्लग काढायला गेलो तर हाताला चटका बसला, पिन काळी पडलेली आणि बोर्डचं भोक वितळून तिरकं झालेलं. गाडीला काही झालं नव्हतं. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गिझर पंधरा मिनिटं, गाडी मात्र गिझरएवढा करंट सलग सहा-आठ तास ओढते, एवढं सहन करणारा साधा बोर्ड नसतो. म्हणून एक्स्टेन्शन अजिबात नाही. स्वतंत्र १६ अँपियरचा चांगला औद्योगिक सॉकेट, किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि करंट लीक झाला की ट्रिप होणारा आरसीबीओ. ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स बसवायचा असेल तर वायर ६ ची. तुम्हाला खरं तर त्याची गरज नाही, सात युनिट ३.३ वर सव्वादोन तासांत भरतात. हा पूर्ण सेटअप सेक्रेटरींना प्रत्यक्ष दाखवा, अर्ध्या शंका तिथेच जातात.

प्रश्न : लालबागला चाळीत राहतो. गाडी रस्त्यावर जागा मिळेल तिथे लावावी लागते. शहरात गाडी फारशी काढत नाही, पण गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात संगमेश्वरला गावी जातो, घरची सहा माणसं. मुलगा म्हणतो इलेक्ट्रिकच घ्या, भविष्य तेच आहे.

काका, मुलाचं म्हणणं बरोबर आहे पण तुमच्यासाठी आत्ता नाही. तुम्हाला घरी चार्जिंग नाही, म्हणजे प्रत्येक वेळी बाहेरच्या फास्ट चार्जरवर जायचं, तिथला दर घरच्यापेक्षा बराच जास्त, आणि तिथे तास-पाऊण तास थांबायचं. इलेक्ट्रिक गाडीचं सुख हेच की रात्री झोपताना लावली, सकाळी भरलेली. तेच नसेल तर सगळा जाच उरतो.

आणि गावचा रस्ता. संगमेश्वर तीनशेच्या आसपास किमी. सहा माणसं, टपावर सामान, पेणच्या पुढे ट्रॅफिक, वाटेत एकदा चार्ज करावंच लागणार. एरवी हे जमतं, बरेच जण करतात. पण गणपतीच्या आदल्या दोन रात्री अख्खी मुंबई त्याच रस्त्यावर असते, चार्जरवर तुमच्या पुढे तीन गाड्या असल्या तर नुसतं थांबण्यात दोन-तीन तास जातील, आणि घरी प्रतिष्ठापनेचा मुहूर्त. लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असताना मी तरी हे सुचवणार नाही.

तुम्ही सीएनजी बघा. सिलिंडर डिकी खातो ही तक्रार खरी आहे, गावाहून येताना तांदूळ, फणस, कोकम कुठे ठेवणार, म्हणून दोन लहान सिलिंडर खाली सपाट बसवलेली गाडी मिळते ती बघा, डिकी बऱ्यापैकी वापरता येते. सहा माणसं म्हणताय तर मात्र सात सीटर लागेल, तिथे मागची सीट उघडी असताना डिकी तशीही नावालाच. घाटात गाडी दमली की पेट्रोलवर टाकायची. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करायची हे विसरू नका, ती तारीख सिलिंडरच्या पाटीवर असते. पंपावरची रांग धरून चाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य पाइपलाइन बिघडून वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला गॅस कमी पडला तेव्हा मुंबईत रिक्षा-टॅक्सीवाल्यांचे काय हाल झाले ते आठवत असेल, पण तुमच्याकडे पेट्रोलची टाकी असते, त्यामुळे गाडी अडत नाही.

हायब्रिडचं पण विचारलंय काही जणांनी म्हणून इथेच सांगतो. नावाला हायब्रिड दोन प्रकारचे असतात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते, एकटी गाडी ओढू शकत नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. स्ट्राँग हायब्रिड वेगळी, टोयोटाची हायक्रॉस किंवा मारुतीची ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड, यात ट्रॅफिकमध्ये बराच वेळ इंजिन बंद राहून गाडी मोटरवर सरकते, बाहेरून चार्ज करायची भानगड नाही. ज्यांना घरी पॉइंट नाही आणि रोज शहरात भरपूर चालवायची आहे त्यांना ही उत्तम. तुमच्यासारखं वर्षात तीनदा गावी जाणाऱ्याला किमतीतला फरक वसूल होणार नाही.

प्रश्न : मुलगा इलेक्ट्रिक गाडी घेतोय, मला पावसाची धास्ती आहे. आम्ही कुर्ल्याला राहतो, २००५ साली आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाण्यात शॉक बसला तर?

ताई, तुमची भीती अगदी खरी आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, ते बघितलेल्या माणसाला आकडे सांगून समजावता येत नाही. तरी सांगतो. बॅटरीचा पॅक सीलबंद असतो, बहुतेक गाड्यांवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी जात नाही. आणि गाडी स्वतः सतत तपासत असते की कुठे करंट गळतोय का, गळाला की आतले स्विच उघडतात आणि बॅटरी बाकी गाडीपासून तुटते. पावसात चार्जिंगला लावली तरी गन नीट बसली आहे हे गाडीने आणि चार्जरने एकमेकांना सांगितल्याशिवाय वीज सुरूच होत नाही.

कुर्ल्यातूनच तुम्ही रोज लोकल बघता. मुंबईत विजेची लोकल पहिल्यांदा ३ फेब्रुवारी १९२५ला धावली, व्हीटी ते कुर्ला, तुमच्याच स्टेशनपर्यंत. आज त्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, गाडीच्या बॅटरीत साधारण ३०० ते ४०० च्या घरात. भर पावसात आपण त्या तारेखाली छत्री घेऊन उभे असतो कारण काम नीट केलेलं आहे.

पण म्हणून गाडी पाण्यात घालायची नाही. मुलाला हे तीन नियम सांगा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी दिसलं की वळायचं, चाकाच्या मध्यापर्यंत पाणी म्हणजे नाही म्हणजे नाही. गाडी उभ्या उभ्या पाण्यात बुडाली असेल तर नंतर स्टार्ट करायची नाही, चार्जरला लावायची नाही, कंपनीला फोन करायचा आणि गाडी पूर्ण उचलून फ्लॅटबेडवर न्यायची, दोरी बांधून ओढायची नाही, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. आणि चार्जिंगचा पॉइंट भिंतीवर २००५च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवायचा, ही तुमच्या घरासाठीची खास सूचना. पेट्रोल गाडीसुद्धा पाण्यात सुरक्षित नसते हेही लक्षात घ्या, इंजिनाने पाणी ओढलं की आतला रॉड वाकतो आणि साध्या इन्शुरन्समध्ये ते बसत नाही.

प्रश्न : दादरला कॉलेजात शिकवतो. वीज शेवटी कोळशाचीच ना? मग इलेक्ट्रिक गाडी घेऊन पर्यावरणाचं काय भलं होणार, धूर फक्त दादरहून डहाणूला गेला.

सर, निम्मं पटलं. आपल्या विजेत कोळशाचा वाटा अजून मोठा आहे, डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र कोळशावरच चालतं. पण टाकीतल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ट्रॅफिकमध्ये चाकापर्यंत जेमतेम पाव भाग पोचतो, बाकी उष्णता होऊन जातो. मोटर ८५-९० टक्के वापरते. त्यामुळे कोळशाचा तोटा धरूनही हिशोब इलेक्ट्रिकच्या बाजूने येतो, थोडा कमी फरकाने. आणि जसजशी सौर, पवन वीज वाढेल तसतशी तीच जुनी गाडी आपोआप स्वच्छ होत जाते, हे पेट्रोल गाडीच्या बाबतीत होत नाही. मुंबईला तर १९१५ पासून खोपोलीच्या पाण्यावरची वीज मिळतेय, हेही मोजा. आणि दादरच्या सिग्नलला जे पोर बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं असतं त्याच्या नाकात आत्ता जो धूर जातो तो कमी होणं मला तरी छोटी गोष्ट वाटत नाही.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देतो. बॅटरी बनवायला भरपूर ऊर्जा लागते, त्यामुळे कारखान्यातून बाहेर पडताना इलेक्ट्रिक गाडीच्या डोक्यावर पेट्रोल गाडीपेक्षा जास्त कार्बनचं कर्ज असतं, ते चालवून चालवूनच फिटतं. महिन्याला दीडशे किमी चालवणाऱ्याने पर्यावरणासाठी म्हणून चांगली चालणारी जुनी गाडी मोडून नवी इलेक्ट्रिक घेऊ नये. तुम्ही दादरला शिकवता, तिथे दारात दोन रेल्वे लाइन आहेत.

प्रश्न : शोरूममध्ये सांगितलं की ईव्हीच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखापर्यंत इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते. बाकी काय सवलती आहेत?

ती सूट कलम ८०ईईबीची, आणि ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नवीन कर्जाला नाही. त्या भरवशावर ईएमआय ठरवू नका. जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे तो गाडीच्या किमतीत आधीच धरलेला असतो. थर्ड पार्टी इन्शुरन्सला १५ टक्के सूट आहे, पीयूसी लागत नाही. राज्याच्या २०२५च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, तेव्हा फास्टॅगवर गाडीची नोंद ईव्ही म्हणून झाली आहे ना ते गाडी ताब्यात घेताना तपासा.

प्रश्न : पुण्याला महिन्यातून दोनदा जाणं होतं. घाट चढताना बॅटरी संपेल का?

नाही. खोपोली ते खंडाळा चढ साधारण ६०० मीटरचा, माणसांसकट गाडी १७०० किलोची धरली तर तेवढं वर न्यायला तीनेक युनिट जास्तीचे लागतात, आणि येताना उतारावर त्यातले बरेच परत मिळतात. चढताना टक्के भराभर उतरतात त्याने घाबरायला होतं, लोणावळ्यानंतर आकडा सावरतो. रेंज खाणारा खरा माणूस म्हणजे १२० ने पळवणारा, ८०-९० ने जा.

प्रश्न : पाण्यावर चालणाऱ्या हायड्रोजन गाडीचा व्हिडिओ फिरतोय, त्यासाठी थांबू का?

थांबू नका. ती पाण्यावर चालत नाही, हायड्रोजनवर चालते आणि पाणी बाहेर सोडते. टोयोटाची मिराई आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये चाचणीसाठी आणली होती, पण शोरूममध्ये जाऊन घ्यावी आणि नाक्यावरच्या पंपावर भरावी अशी ही गोष्ट आज नाही.

प्रश्न : बजेट कमी आहे म्हणून चार वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी बघतेय, मुलुंडला बंदिस्त पार्किंग आणि पॉइंट दोन्ही आहे. बॅटरी गेली तर? काय बघून घ्यावी?

पार्किंग आधी लिहिलंत, बरं वाटलं. तुमच्यासाठी हा चांगला सौदा होऊ शकतो, कारण जुन्या इलेक्ट्रिक गाडीची किंमत भराभर उतरते आणि बॅटरी तेवढ्या वेगाने उतरत नाही. बहुतेक कंपन्यांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, जे आधी होईल ते. चार वर्षं गेली, चार उरली, पण ती दुसऱ्या मालकाला तशीच मिळते का आणि सर्व्हिसिंग वेळेवर झाल्याचे कागद आहेत का, हे कंपनीकडून लेखी घ्या, दलालाच्या शब्दावर जाऊ नका. सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरीची हेल्थ किती टक्के उरली आहे त्याचा रिपोर्ट काढा. विकणारा त्याला टाळाटाळ करत असेल तर गाडी सोडा.

रिपोर्टशिवाय स्वतः पण बघा. गाडी ८० टक्के असताना घ्या, एसी चालू ठेवा, मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने निघा आणि ६० टक्के होईपर्यंत चालवा. २० टक्क्यांत ४० किमी झाले तर पूर्ण चार्जमध्ये २०० मिळतील. तुमचं रोजचं जाणंयेणं किती ते तुम्हाला माहीत आहे. फास्ट चार्जरवर पण एकदा लावून बघा, सीसीएस-२ ची, म्हणजे फास्ट चार्जरची गन बसते का, काही छोट्या गाड्यांना फास्ट चार्जिंगच नसतं.

बॅटरी कुठल्या जातीची आहे ते विचारा. एलएफपी असेल तर ती उष्णता चांगली सोसते आणि मधूनमधून १०० टक्के भरावीच लागते, नाहीतर स्क्रीनवरचा टक्का चुकायला लागतो. एनएमसी असेल तर रोजच्याला ८० पर्यंत भरा, लांब जायचं असेल तेव्हाच १००. दोन्हींना शून्यावर आणून उभं करून ठेवणं वाईट. महिनाभर गावी जात असाल तर निम्मी भरून ठेवा. आणि हो, बॉनेटखाली एक साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी पण असते, चार वर्षांत ती बदलायला आलेली असते, ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडतसुद्धा नाही, तेव्हा तिचे पैसे भावात कमी करून घ्या.

टायर बघा, या गाड्या जड असतात आणि टायर लवकर झिजतात. गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर मिळतोय का ते व्यवहाराच्या आधी विचारा आणि स्वतःच्या हातात घेऊन तुमच्याच पॉइंटला अर्धा तास लावून बघा. प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, टोकन त्यानंतर द्या.